जरीपटका कोणाकडे: नव्या लेजेंडरी क्रीचरभोवती कमांडर डेक बांधताना

उत्तर नागपुरातील जरीपटका या वस्तीची आजची ओळख फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची वसाहत आणि तिच्याभोवती वाढलेली बाजारपेठ अशी असली, तरी हा शब्द मुळात लष्करी आहे. मराठेशाहीत जरीपटका हे फौजेचे मानाचे निशाण होते, आणि ज्या सरदाराकडे ते सोपवले जाई त्याच्याकडे मोहिमेचे नेतृत्व आले असे समजले जाई. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळातील ‘कमांडर’ नावाच्या प्रकारात शंभर कार्डांपैकी एका कार्डाला नेमका असाच मान मिळतो, आणि नवा खेळाडू बहुधा येथेच चुकतो: निशाण कोणाच्या हाती द्यायचे यावर तो महिनाभर विचार करतो, आणि उरलेली नव्व्याण्णव कार्डे मात्र त्या निशाणाच्या भक्तांची गर्दी म्हणून गोळा करतो. प्रस्तुत लेखात या नव्व्याण्णव कार्डांचा हिशेब कसा मांडावा याचे विवेचन केले आहे.

रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने रचलेला आणि ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ या अमेरिकन प्रकाशनसंस्थेने १९९३ मध्ये बाजारात आणलेला हा खेळ आपल्याकडील परिचित पत्त्यांहून एका मूलभूत बाबतीत वेगळा आहे. मेंढीकोटात बावन्न पानांचा एकच कॅट सर्वांत वाटला जातो. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी अशी बारा, म्हणजे एकूण १२० गोल पाने असतात, पण तीही सर्व खेळाडूंची सामाईक असतात. मॅजिकमध्ये मात्र प्रत्येक खेळाडू स्वतः निवडलेल्या कार्डांचा स्वतःचा गठ्ठा, म्हणजे डेक, घेऊन बसतो, त्यामुळे खेळाचा निम्मा भाग पत्ते पिसण्यापूर्वीच, घरी जमिनीवर कार्डे पसरून पार पडलेला असतो.

‘लेजेंडरी क्रीचर’ ही संकल्पना १९९४ च्या ‘लेजंड्स’ या संचापासून चालत आली आहे. क्रीचर म्हणजे पटावर उतरून हल्ला किंवा बचाव करणारे पात्र, आणि लेजेंडरी म्हणजे कथेत नाव असलेले, एकमेव पात्र, ज्याच्या एकाच नावाच्या दोन प्रती एका खेळाडूच्या ताब्यात एकाच वेळी राहू शकत नाहीत. त्याच संचातील पाच ‘एल्डर ड्रॅगन’ हाताशी धरून अलास्कातील काही खेळाडूंनी पुढे एक घरगुती प्रकार सुरू केला, शेल्डन मेनरी आणि त्यांच्या सहकारी पंचांनी त्याला नियमांची चौकट देऊन तो जगभर नेला, आणि २०११ मध्ये प्रकाशकांनी स्वतःच ‘कमांडर’ या नावाने तयार डेक विक्रीस काढले. नियमांची सूत्रे अनेक वर्षे खेळाडूंच्याच एका समितीकडे होती. सप्टेंबर २०२४ मध्ये काही महागड्या कार्डांवर बंदी आल्यानंतर उसळलेल्या वादात ती प्रकाशकांकडे गेली.

या प्रकाराचे नियम थोडक्यात असे आहेत. कमांडरसह डेक बरोबर शंभर कार्डांचा असतो, आणि माना पुरवणाऱ्या मूळ जमिनी, म्हणजे ‘बेसिक लँड’, वगळता कोणतेही कार्ड एकापेक्षा अधिक वेळा घेता येत नाही. माना म्हणजे कार्ड खेळण्यासाठी लागणारे चलन. कमांडरच्या कार्डावर ज्या रंगांची मानाचिन्हे छापलेली असतात त्या रंगांबाहेरचे कार्ड डेकमध्ये चालत नाही. साधारणतः चार खेळाडू प्रत्येकी ४० जीवनांकांनी सुरुवात करतात, आणि एकाच कमांडरकडून लढाईत २१ इजा झालेला खेळाडू जीवनांक शिल्लक असले तरी बाद होतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कमांडर गठ्ठ्यात पिसला जात नाही, तो ‘कमांड झोन’ या वेगळ्या जागी उघडा ठेवलेला असतो आणि तेथून मूळ किंमत देऊन खेळता येतो. तो मारला गेला तर मालकाला तो पुन्हा त्याच जागी आणता येतो, फक्त तेथून खेळण्याच्या आधीच्या प्रत्येक वेळेमागे दोन माना जास्त मोजावे लागतात.

या शेवटच्या नियमातून डेकबांधणीचे मुख्य तत्त्व निघते. उरलेल्या ९९ कार्डांपैकी कोणतेही एक ठरावीक कार्ड सुरुवातीच्या सात कार्डांत येण्याची शक्यता ९९ पैकी ७, म्हणजे सुमारे ७ टक्के असते, तर कमांडर उपलब्ध असण्याची शक्यता सुरुवातीपासून शंभर टक्के. जे काम कमांडर स्वतः करतो त्या कामासाठी डेकमध्ये जागा खर्च करणे म्हणून उधळपट्टी ठरते, आणि जे काम तो करत नाही, पण जे झाल्याशिवाय त्याचा उपयोग होत नाही, ते काम नव्व्याण्णव कार्डांनी उचलावे लागते. नवा खेळाडू नेमके उलट करतो: कमांडर कार्डे ओढून देणारा असेल तर आणखी वीस कार्डे ओढणारीच भरतो, कारण डेकचा ‘विषय’ तोच असल्याचे त्याला वाटते.

हे तत्त्व एका उदाहरणावर घासून पाहणे उपयुक्त ठरेल, आणि त्यासाठी मराठी वाचकाला नावाने जवळचे कार्ड हाताशी आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘कलादेश’ या संचात भारतीय नावांचा आणि वेशभूषांचा आधार घेऊन एक यंत्रप्रिय जग उभे करण्यात आले होते. त्याची राजधानी घिरापूर, आणि तेथील रहिवाशांत पिया, सहेली, रश्मी अशी नावे. देवनागरीत ‘कलादेश’ असे लिहिले तर शब्द सुंदरच दिसतो, पण रोमन लिपीत कला आणि काला यांतला भेद राहत नाही. २०२५ च्या ‘एथरड्रिफ्ट’ या संचात त्याच जगाचे नाव ‘आविष्कार’ झाले, आणि मराठी कानाला हा बदल खटकण्याचे काहीच कारण नाही. त्या पहिल्या संचातील ‘रश्मी, इटर्निटीज क्राफ्टर’ हे कार्ड येथे नमुन्यासाठी घेतले आहे. कार्ड आज नवे राहिलेले नाही. परंतु दर संचाबरोबर येणाऱ्या नव्या लेजेंडरी क्रीचरकडेही याच पद्धतीने पाहावे लागते, आणि जुन्या कार्डावर शिकलेले वाचन घाईच्या उत्साहापासून मुक्त असते.

रश्मीची किंमत चार माना आहे, त्यांपैकी एक हिरवा आणि एक निळा असावा लागतो. तिची मारकशक्ती २ आणि टिकाव ३. तिच्यावरील मजकुराचा आशय असा: प्रत्येक टर्नमध्ये, म्हणजे पाळीत, खेळाडूने पहिले स्पेल खेळले की त्याने आपल्या गठ्ठ्यावरचे सर्वांत वरचे कार्ड उघडावे; ते लँड नसेल आणि त्याची माना व्हॅल्यू, म्हणजे एकूण मानाकिंमत, खेळलेल्या स्पेलपेक्षा कमी असेल, तर ते फुकट खेळता येते; न खेळल्यास ते हातात घ्यावे. स्पेल म्हणजे लँड वगळता खेळलेले कोणतेही कार्ड.

हा मजकूर शब्दाशब्दाने, वकील दस्त वाचतो तसा वाचावा. पहिली महत्त्वाची बाब ‘प्रत्येक टर्न’ या शब्दांत आहे: मजकूर ‘तुमच्या प्रत्येक टर्नमध्ये’ असे म्हणत नाही. चौघांच्या पटावर एका फेरीत चार टर्न होतात, म्हणून जो खेळाडू फक्त स्वतःच्या पाळीत स्पेल खेळतो तो रश्मीच्या चार आण्यांतला एकच आणा वापरतो. इतरांच्या पाळीत खेळता येणारी कार्डे दोन प्रकारची असतात, ‘इन्स्टंट’ या वर्गातील आणि ‘फ्लॅश’ हा शब्द लिहिलेली; तेव्हा रश्मीचा डेक हा मुख्यतः इन्स्टंट आणि फ्लॅश यांचा डेक असला पाहिजे, हा निष्कर्ष एका शब्दातून निघतो. कथेतील यंत्रकार रश्मीच्या चित्राकडे पाहून यंत्रांचा, म्हणजे ‘आर्टिफॅक्ट’ वर्गाचा डेक बांधायला घेणारा खेळाडू येथेच रस्ता चुकतो.

दुसरी बाब अशी की उघडलेले कार्ड कोणत्याही परिस्थितीत वाया जात नाही. लँड निघाले तरी हातात येते, महागडे कार्ड निघाले तरी हातात येते, आणि फुकट खेळणे ऐच्छिक असल्याने आत्ता निरुपयोगी असलेले कार्ड राखून ठेवता येते. दुसऱ्याचे स्पेल हाणून पाडणारे ‘काउंटरस्पेल’ स्वतःच्या पाळीत निघाले आणि समोर पाडण्याजोगे काहीच नसले, तर ते मुकाट्याने हातात घ्यावे, पुढच्या खेळाडूच्या पाळीत त्याचे मोल दुप्पट होते. अर्थात रश्मी स्वतः कार्ड ओढण्याचे यंत्र आहे, आणि केवळ कार्डे ओढणारी कार्डे या डेकमध्ये मोजकीच पुरेत.

तिसरी बाब कालक्रमाची आहे आणि ती मजकुरात लिहिलेली नाही, नियमांतून समजून घ्यावी लागते. रश्मीचा गुण स्पेल खेळल्याक्षणी जागा होतो आणि मूळ स्पेलच्या आधी निकाली निघतो. प्रतिस्पर्ध्याने मूळ स्पेल पाडले तरी उघडलेले कार्ड पदरात पडलेलेच असते. उलटपक्षी रश्मी स्वतः खेळली जाते तेव्हा ती अजून पटावर नसते, म्हणून तिच्या स्वतःच्या खेळण्याने काही मिळत नाही, आणि त्याच पाळीतले पुढचे स्पेल हे दुसरे ठरते. याचा व्यवहारातला अर्थ असा की चार माना हाती येताच रश्मीला उतरवणारा खेळाडू रिकाम्या खिशाने तीन प्रतिस्पर्ध्यांच्या पाळ्या काढतो आणि त्या अवधीत ती मारली गेली तर एकही कार्ड न मिळता तिची किंमत सहावर जाते. सहा माना असताना तिला उतरवून दोन माना मोकळे ठेवणे, आणि लगेच पुढच्या खेळाडूच्या पाळीत दोन मानांचे इन्स्टंट खेळणे, हा जवळजवळ नेहमीच शहाणपणाचा मार्ग असतो, कारण त्यानंतर ती मेली तरी निदान एक कार्ड देऊन मेलेली असते. डेकचे लक्ष्य म्हणून ‘चौथ्या पाळीत चार माना’ असे न ठेवता ‘चौथ्या किंवा पाचव्या पाळीत सहा माना’ असे ठेवावे लागते, आणि मानावृद्धी करणाऱ्या कार्डांची संख्या या लक्ष्यावरून ठरते.

येथे थोडे गणित करणे भाग आहे. ९९ पैकी ३७ लँड ठेवल्यास सुरुवातीच्या सात कार्डांत सरासरी २.६ लँड येतात, आणि चौथ्या पाळीपर्यंत पाहिलेल्या अकरा कार्डांत सरासरी ४.१, चौथ्या पाळीपर्यंत चार किंवा अधिक लँड मिळण्याची शक्यता मात्र सुमारे ६५ टक्केच असते, म्हणजे तीन डावांपैकी एका डावात खेळाडू अडकतो. सरासरी पुरेशी आहे म्हणून लँडची संख्या ३३ वर आणणाऱ्यांनी हा तिसरा डाव आठवावा. लँडशिवाय लवकर माना देणारी दहा कार्डे असतील तर दुसऱ्या पाळीपर्यंत पाहिलेल्या नऊ कार्डांत त्यांपैकी किमान एक असण्याची शक्यता सुमारे ६३ टक्के असते. तीच कार्डे पाच असतील तर ३९ टक्के, आणि एकच असेल तर ९ टक्के. एकेका कार्डाच्या शक्तीवर हुरळून जाण्यापेक्षा एकाच कामाची दहा सामान्य कार्डे ठेवणे का श्रेयस्कर, हे या तीन आकड्यांवरून दिसते. प्रत्येक कार्डाची एकच प्रत चालते या नियमाला दिलेले उत्तर म्हणजे एकाच कामाची अनेक नावे.

या हिशेबाने रश्मीच्या नव्व्याण्णव कार्डांची वाटणी अशी होऊ शकते: लँड ३७; मानावृद्धीची ११, त्यांत ‘लॅनोवर एल्व्ह्ज’, ‘रॅम्पंट ग्रोथ’, ‘कल्टिव्हेट’, ‘सोल रिंग’, ‘आर्केन सिग्नेट’ यांसारखी सर्वत्र दिसणारी कार्डे आणि इन्स्टंट असल्यामुळे येथे दुहेरी किमतीचे ठरणारे ‘ग्रोथ स्पायरल’; इतरांच्या पाळीत खेळण्याची २४; गठ्ठ्याच्या वरची कार्डे मांडून ठेवणारी ८; इतरांच्या पाळीसाठी माना पुन्हा मोकळे करणारी किंवा सर्वच स्पेलना फ्लॅश देणारी ५; कमांडरच्या संरक्षणाची ४; पट साफ करणारी ४; आणि डाव जिंकून देणारी ६. ही बेरीज ९९ भरते. हे आकडे वेदवाक्य नाहीत, परंतु पहिल्या मांडणीत त्यांपासून दोन-तीन कार्डांपेक्षा अधिक दूर जायचे असेल तर कारण कागदावर लिहिता आले पाहिजे.

चोवीस कार्डांचा गट डेकचा कणा आहे आणि त्याची निवड सर्वाधिक वेळ घेते. उघडलेले कार्ड फुकट खेळण्यासाठी ते खेळलेल्या स्पेलपेक्षा स्वस्त असावे लागते. समजा, लँड नसलेल्या ६२ कार्डांपैकी ४४ कार्डे तीन किंवा कमी मानांची आहेत. मग चार मानांचे स्पेल पहिले खेळल्यास फुकट कार्ड मिळण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के असते. दोन मानांच्या स्पेलने फक्त एक किंवा शून्य मानांची कार्डे फुकट निघू शकतात आणि अशी आठ असतील तर शक्यता ८ टक्के. चोवीसांत म्हणून दोन मानांच्या स्वस्त इन्स्टंटचीच भरती करू नये. ‘बीस्ट विदिन’ हे तीन मानांचे, ‘मिस्टिक स्नेक’ आणि ‘वेन्सर, शेपर सॅव्हंट’ ही चार मानांची फ्लॅश क्रीचर्स, अशी मधल्या किमतीची कार्डे येथे खरी कमाई करतात. ज्यांच्या किमतीत ‘एक्स’ हे चिन्ह असते त्या कार्डांची गंमत वेगळी आहे. ‘पुल फ्रॉम टुमॉरो’ हे इन्स्टंट एक्स अधिक दोन मानांचे. खेळताना एक्स सहा ठेवला तर त्याची माना व्हॅल्यू आठ मोजली जाते आणि गठ्ठ्यातले जवळजवळ काहीही त्याखाली बसते. तेच कार्ड गठ्ठ्यातून उघडून फुकट खेळले तर एक्स शून्य धरला जातो आणि कार्ड मातीमोल होते, म्हणून ते हातात घेणेच बरे. असली कार्डे दोन किंवा तीन असावीत.

वरचे कार्ड मांडून ठेवणाऱ्या आठांत ‘सेन्सेज डिव्हायनिंग टॉप’ हे सर्वोत्तम: एक माना देऊन वरची तीन कार्डे पाहता येतात आणि हव्या त्या क्रमाने ठेवता येतात. ‘ब्रेनस्टॉर्म’ हे एक मानाचे इन्स्टंट तीन कार्डे ओढून दोन परत वर ठेवू देते आणि त्यामुळे हातात अडकलेले महागडे कार्ड पुन्हा गठ्ठ्यावर जाऊन फुकट उतरू शकते. पण ब्रेनस्टॉर्म हेच पहिले स्पेल असेल तर रश्मीने वरचे कार्ड आधीच उघडलेले असते, हा क्रम विसरू नये. माना मोकळे करणाऱ्या पाचांत ‘वाइल्डरनेस रिक्लेमेशन’ स्वतःच्या पाळीच्या शेवटी सर्व लँड पुन्हा उभे करते आणि ‘सीडबॉर्न म्यूज’ प्रत्येक प्रतिस्पर्ध्याच्या पाळीच्या आरंभी खेळाडूची पटावरची सर्व आडवी कार्डे उभी करते. दुसरे उतरले की पट त्या खेळाडूकडे संशयाने पाहू लागतो, आणि ते रास्तही आहे.

जिंकणे हा भाग रश्मी मुळीच करत नाही. दोनच्या शक्तीने २१ इजा करण्यास अकरा हल्ले लागतील, तेव्हा कमांडरच्या इजेचा विचारच सोडावा. ‘टालरँड, स्काय समनर’ हे क्रीचर प्रत्येक इन्स्टंट किंवा ‘सॉर्सरी’, म्हणजे केवळ स्वतःच्या पाळीत खेळता येणारे स्पेल, खेळल्यावर दोन शक्तीचा उडणारा ड्रेक देते, ‘मर्मरिंग मिस्टिक’ त्याच कारणाने छोटे पक्षी देते. जी कृती डेक प्रत्येक पाळीत करणारच आहे तिचेच विजयात रूपांतर करणारी अशी कार्डे आधी घ्यावीत, आणि ‘अव्हेंजर ऑफ झेंडिकार’सारखा सात मानांचा हत्ती त्यानंतर.

लँडबाबत एवढेच: इतरांच्या पाळीत माना मोकळे हवेत, म्हणून टॅप होऊन, म्हणजे आडवे होऊन पटावर येणारे लँड पाच-सहाच्या वर नेऊ नयेत, आणि कल्टिव्हेट फक्त बेसिक लँड शोधते म्हणून फॉरेस्ट आणि आयलंड पुरेसे असावेत.

आता खरोखर नव्या कार्डाकडे वळता येईल. फेब्रुवारी २०२५ मध्ये एथरड्रिफ्टबरोबर ‘लिव्हिंग एनर्जी’ हा तयार कमांडर डेक आला आणि त्याच्या अग्रभागी ‘सहेली, रेडियंट क्रिएटर’ आहे. रंग हिरवा, निळा, लाल. तिचा आशय असा की आर्टिफॅक्ट किंवा ‘आर्टिफिसर’, म्हणजे कारागीर, जातीचे स्पेल खेळल्यावर एक ‘एनर्जी’ जमा होते, आणि स्वतःच्या लढाईच्या आरंभी तीन एनर्जी खर्चून आपल्या ताब्यातील एखाद्या पटावरच्या कार्डाची पाच शक्तीची, लगेच हल्ला करू शकणारी प्रत करता येते, जी पाळीच्या शेवटी त्यागावी लागते. येथे ‘प्रत्येक टर्न’ नाही, ‘तुमच्या टर्नमध्ये’ आहे, तेव्हा इन्स्टंटचा आग्रह गैरलागू ठरतो. मिळकत एकेक आणि खर्च तीन, म्हणजे तीन स्पेलमागे एक प्रत हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे. तेव्हा एनर्जी एकदम दोन-तीन देणारी इतर कार्डे हे या डेकचे पहिले काम, आणि पटावर येताक्षणी किंवा जाताक्षणी काही देणारी, म्हणजे क्षणभराच्या प्रतीतूनही लाभ देणारी कार्डे हे दुसरे. ही दोन वाक्ये कागदावर उतरली की डेक निम्मा झाला.

नागपूरसारख्या शहरात सुटी कार्डे हवी तेव्हा हाताशी मिळतीलच असे नाही, आणि मुंबई-बंगळुरूकडून किंवा परदेशातून मागवताना एकेका कार्डापेक्षा टपालखर्च जड होतो. म्हणून खरेदीचा क्रम उलटा ठेवावा. प्रथम तयार डेक घ्यावा, कारण सोल रिंग आणि लँडचा बराच भाग त्यात येतो. त्यातून नव्या कमांडरला न लागणारी कार्डे बाजूला काढावीत. आणि उरलेल्या जागा खरी कार्डे येईपर्यंत प्रतिकृतींनी, म्हणजे ‘प्रॉक्सी’ कार्डांनी भरून निदान दहा डाव खेळावेत. मॅजिकचे कार्ड सुमारे ६३ बाय ८८ मिलिमीटरचे असते, जरीपटक्याच्या बाजारातल्या कोणत्याही झेरॉक्सच्या दुकानात कागदावर छापून, त्याच मापाचा जुना पत्ता पाठीशी घालून, अपारदर्शक पाठीच्या प्लास्टिक स्लीव्हमध्ये सरकवले की काम भागते. अधिकृत स्पर्धेत प्रॉक्सी चालत नाहीत आणि त्या खऱ्या म्हणून विकणे ही फसवणूक आहे. घरच्या सतरंजीवर मात्र बसण्याआधी इतर तिघांची संमती घेतली की पुरे.

संमतीचा प्रश्न प्रॉक्सीपुरता नसतो. फेब्रुवारी २०२५ पासून प्रकाशकांनी डेकच्या ताकदीचे पाच स्तर सुचवले असून डावाचा तोल एकहाती बिघडवणाऱ्या कार्डांची ‘गेम चेंजर’ यादी केली आहे. पहिल्या दोन स्तरांत त्यांपैकी एकही चालत नाही आणि तिसऱ्यात तीनपर्यंत चालतात. निळ्या रंगातील ‘रिस्टिक स्टडी’ आणि ‘सायक्लॉनिक रिफ्ट’ ही दोन लोकप्रिय कार्डे पहिल्याच यादीत होती. यादी बदलत असते, तेव्हा डेक अंतिम करताना ती ताजी पाहावी. रश्मीच्या डेकला दुसरा किंवा तिसरा स्तर शोभतो. चौघांच्या प्रत्येक पाळीत काहीतरी करणारा डेक तसाही इतरांचा वेळ खातो, आणि त्याच्या मालकाने आपली कृती दुसऱ्याच्या पाळीत झटपट उरकण्याची सवय लावून घ्यावी.

चाचणीच्या दहा डावांत जिंकणे-हरणे नोंदवण्यापेक्षा दोनच गोष्टी वहीत लिहाव्यात: डाव संपला तेव्हा हातात कोणती कार्डे पडून राहिली, आणि कमांडर किती वेळा खेळावा लागला. जे कार्ड तीन डावांत हातातच राहिले ते, कितीही प्रसिद्ध असले तरी, काढावे. एक डाव तर कमांडर उतरवायचाच नाही असा नेम करून खेळावा. तो डाव हरला तरी चालेल, पण पाच-सहा पाळ्या डेक जिवंत राहिला पाहिजे, कारण दोनदा मारली गेलेली रश्मी आठ मानांची होते आणि त्या मधल्या काळात पटावर उभे राहायचे काम नव्व्याण्णवांचेच असते.

कार्डांची निगा नागपुरात निराळी घ्यावी लागते. मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, दुपारी कूलर लावलेल्या खोलीत हवा दमट होते, कूलर बंद झाला की पुन्हा कोरडी, आणि चकाकणारा धातुवर्ख बसवलेली ‘फॉइल’ कार्डे या चढउताराने वाकतात, कारण कागद ओल शोषतो आणि वर्ख शोषत नाही. वाकलेले कार्ड पिसलेल्या गठ्ठ्यात पाठीवरून ओळखू येते आणि नियमानुसार ते खुणेचे कार्ड ठरते. गठ्ठा घट्ट डबीत, सिलिका जेलच्या पुडीसह, कूलरच्या झोतापासून दूर ठेवावा, आणि नव्व्याण्णव कार्डांत शक्यतो फॉइल घेऊच नये. कमांडर मात्र हौसेने फॉइल घ्यावा. तो गठ्ठ्यात पिसलाच जात नसल्याने जरा वाकला तरी बिघडत नाही.